परकं ते बाहेर

५ जानेवारी
आले एकदाची! मत्स्यशेतीवरची खोली चिमुकली, पण खिडकीतून आठही टाक्या दिसतात. टाक्या सांभाळणाऱ्या काकांनी हातातली बॅग हिसकावूनच घेतली. मला तिसरा महिना लागलाय, हे नवऱ्याने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, इथे आहेस तोवर जेवण आमच्याकडे, वाद नको. मी कशाला वाद घालते!

९ जानेवारी
काम सुरू. तीन नंबरच्या टाकीला साधं खाद्य, चार नंबरला त्यात प्रीबायोटिक मिसळलेलं. काकांना समजावलं, हा एक तंतू आहे. माशाला पचत नाही, पण त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू त्यावर पोसले जातात आणि माशाची प्रतिकारशक्ती वाढते. काका म्हणाले, म्हणजे जेवतात पाहुणे आणि बाळसं धरतो यजमान. माझ्या प्रबंधात एवढं सोपं वाक्य नाही!
दोन्ही टाक्यांतल्या मिळून दोनशे माशांच्या कातडीखाली ओळखीसाठी तांदळाएवढे टॅग घातले. बोटं सुरकुतली.

२९ जानेवारी
कल्ल्यांचा रोग आला. तीनमधले निम्मे मासे गेले, चारमध्ये एकालाही धक्का नाही. आनंदाच्या भरात मी मात्रा दुप्पट केली. कुणाला विचारलं नाही. पोटुशीने निरोगी मासाच खावा म्हणून काकू आता रोज चारमधलाच करतात. आम्ही तिघंही चाटूनपुसून खातो.

१३ फेब्रुवारी
चारच्या तळाशी टॅग पडलेत. माशांनी ते अंगाबाहेर ढकलले. एखाददुसरा टॅग पडतो कधीकधी. पण टाकीतल्या सगळ्याच माशांचे? आणि कातडीवर जखमेचा मागमूस नाही.
माझी तब्येत मात्र ठणठणीत. उलट्या थांबल्या, जुनी सर्दी पळाली.

१८ फेब्रुवारी
दाढेत भरलेलं सिमेंट घासाबरोबर हातात आलं. काकूंचं कानातलं गळून पडलं. बघते तर भोकच बुजलेलं, तीस वर्षांचं. आम्ही दोघी हसलो. काका हसले नाहीत. त्यांच्या मांडीत जुन्या अपघाताची सळई आहे. तिथे आतून खाज सुटलीय म्हणाले.

२२ फेब्रुवारी
काकांना दवाखान्यात नेलं. सळईचं टोक मांडीतून बाहेर आलं होतं. रक्ताचा थेंब नाही. दुखलंही नाही म्हणाले. डॉक्टर चक्रावले. म्हणाले, यांचं शरीर परकं काही ठेवूनच घेत नाहीये.
परत येताना गाडीत काकू माझ्या पोटाकडे बघत होत्या. मी पदर ओढून घेतला.
मासे बंद. पण तीन आठवडे रोज खाल्लेत.

२३ फेब्रुवारी
या जातीच्या माद्या फळलेली अंडी तोंडात सांभाळतात. आज चारमधल्या सगळ्या माद्यांनी ती थुंकून टाकली. प्रत्येक अंड्याभोवती पांढरी साय. मेलेली.
अंड्यात निम्मं मादीचं असतं. निम्मं नराचं. निम्मं बाहेरचं —
नाही. मी मासा नाही.

२४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके छान आहेत, नसतं डोक्यात घेऊ नका. मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहूनही घेतलं नाही.
नवऱ्याला व्हिडिओ कॉल केला. उद्या दुपारपर्यंत पोचतो म्हणाला. तू आधीपेक्षा छान दिसतेस, मग रडतेस काय, म्हणाला.
काकू हात सोडत नाहीत. सारखं म्हणतात, मीच वाढलं गं तुला —

२५ फेब्रुवारी, सकाळ
दुखत नाही. तेच वाईट.
खाज आहे. आतून. बेंबीखाली —
काका लंगडत गाडी आणायला गेलेत. काकू रस्त्यावर उभ्या. मी पोटावर दोन्ही हात — एकानेच लिहितेय —
त्याला सांगतेय, तू परका नाहीस रे. निम्मा माझा आहेस. निम्मा तरी. घट्ट धरून राहा, मी पण धर