जबाबाचं कार्ड

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे. मी, शिवकांता भ्र. गुरुबसप्पा धनुरे, वय एकसष्ट किंवा बासष्ट, धंदा पूर्वी नवऱ्याबरोबर किराणा दुकान, हल्ली घरीच, राहणार उदगीर, जिल्हा लातूर. जिल्हा नवा आहे. मी नवरी होऊन आले तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत गेलं, आणि आता दीड-दोन वर्षांपासून लातुरात. मी मात्र त्याच घरात आहे.

पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी दिवाळीचं नाव काढलं नाही, त्यावरून मी समजले. डोकं मात्र शाबूत आहे. डब्यात डाळ किती उरली हे न उघडता सांगते, म्हणजे शुद्धीवर आहे असं कोर्टानं धरावं. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा माणूस या गावात जन्मला नाही.

हे सटवाजी अर्जनवीस कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून माझं सांगणं उतरवून घेत आहेत. ते पानावर पैसे घेतात, म्हणून आल्याआल्या सांगितलं, अक्षर बारीक काढा. म्हणाले, "बाई, मरणाच्या कागदाला तरी समास सोडा की." सोडू दिला नाही.

हा कागद घरासाठी, भांड्यांसाठी आहेच. पण खरा माझी मुलगी गौरम्मा हिच्यासाठी आहे. तिला देवणीला दिलेली आहे. देवणी काही परमुलूख नाही, सकाळी निघालं तर दुपारी माणूस घरी येतं. पण अकरा वर्षांत तिनं माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही. माझ्यामागं तरी तिनं या घरात यावं, एवढ्यासाठी ही खटपट.

कलम एक. राहतं घर, पुढची दुकानाची खोली धरून, मुलगा गुरुपादप्पा याला. मात्र मधली खोली गौरम्माची. ती केव्हाही येईल, कितीही दिवस राहील, एकटी येईल नाहीतर गोतावळा घेऊन येईल. "किती दिवस राहणार?" हे तिला कुणी विचारायचं नाही. गुरुपादप्पा, तुझ्या तोंडात हा प्रश्न पाहुणा चप्पल काढायच्या आधी येतो. तो तू माझ्याकडूनच शिकलास, म्हणून तुला बोल लावत नाही.

कलम दोन. जातं, उखळ, तराजू, वजनं, आणि तांब्याची सगळी भांडी सून उमादेवी हिला. त्यासोबत माझ्या युक्त्याही तिलाच, कारण इस्टेट म्हणावी तर माझी तीच. सटवाजी म्हणतात, युक्त्या मृत्युपत्रात बसत नाहीत. बसवा म्हटलं.

तेल ओतलं की बाटलीच्या तोंडाला लागलेला थेंब बोटानं पुसावा आणि ते बोट पोरीच्या केसांना. चहाची पूड दोनदा उकळावी, तिसऱ्यांदा उकळून माणसाची अब्रू घालवू नये. साबणाची चिपाटं टाकायची नाहीत, ओली करून नव्या वडीला चिकटवायची. लुगडं विरलं की वाकळ, वाकळ विरली की पोतेरं. कडक भाकरी उन्हात वाळवून फडक्यात बांधली की महिनाभर राहते. चुलीला सुट्टी, सरपणही वाचतं. शिळ्या मऊ भाकरीचा कुटका करावा, वर कांदा, घरातले ताजी भाकरी सोडून तोच मागतात. आंघोळ शिळेवर बसून करावी, पाणी कढीपत्त्याला जातं. हात धुतलेल्या पाण्यानं पाय धुवावेत, पाय धुतलेल्या पाण्यानं अंगण शिंपावं. एक काडी ओढली की चूल, दिवा आणि उदबत्ती तिन्ही पेटले पाहिजेत. या घरात काड्याची पेटी दोन महिने पुरत असे. गल्लीतल्या बाया हसत. त्यांच्या घरी उसनं मागायला मी गेले नाही, त्या माझ्याकडे आल्या.

शेजारीण कस्तुराबाई, जी इथं साक्षीला बसली आहे, तिनं माझी पितळी चाळणी नेली त्याला सहा वर्षं झाली. ती चाळणी तिलाच दिली असं लिहा, म्हणजे तिलाही सुटल्यासारखं होईल. ती म्हणते, "मी तर इसरूनच गेले होते, बाई." हाव, मीही विसरले होते.

कलम तीन. पंढरी गिरणीवाला याच्याविषयी. हाही साक्षीलाच आहे, तरी लिहा. तीस वर्षं दर दळणामागं मूठभर पीठ त्याच्या जात्यात राहून गेलं. मी पायलीनं मोजून ज्वारी नेत होते, मला कळत होतं. माफ केलं. पंढरी म्हणतो, "आता माफ केलं तर सही करू का नको?" कर, बाबा.

कलम चार. हे सांगताना मध्ये थांबवू नये, असं मी सटवाजींना सांगितलं आहे.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या घशाला कोरड पडली. आमच्या दाराला टँकरचं दोन घागरी पाणी. त्यात चार माणसं, एक म्हैस. म्हैस विकली. गौरम्माला दिवस गेलेले, पहिलटकरीण. आमच्या रीतीनं सातव्यात ओटी भरून पोरीला माहेरी आणायची, पहिलं बाळंतपण आईनंच करायचं. मी सातव्यात गेले नाही. मी हिशेब केला: बाळंतिणीला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, धुणी, शेक. सहा घागरी कुठून आणू? तिच्या सासरी परड्यात विहीर. मी म्हटलं, विहिरीच्या घरची लेक दोन घागरींच्या घरी कशाला आणायची? माझे यजमान म्हणाले, "आणू की. होईल काहीतरी." त्यांना म्हटलं, "काहीतरी होत नसतं, करावं लागतंय." माझं तोंड असंच.

नवव्याच्या सुरुवातीला तिचं जोडकार्ड आलं. जोडकार्ड म्हणजे दोन कार्डं जोडून. एकावर आपला मजकूर, दुसरं कोरं, जबाबासाठी, त्याचं तिकीटही धाडणाऱ्यानंच भरलेलं. तिनं लिहिलं होतं: "आव्वा, इथली विहीर पण आटली. नदीतल्या झऱ्याचं पाणी आणून राहिलो. मला न्यायला कवा येतेस ते कळव. जबाबाचं कार्ड जोडलंय, तुला खर्च नको." कोऱ्या कार्डावर तिनं आपला पत्ताही लिहून ठेवला होता. अक्षर चांगलं होतं तिचं. सातवीपर्यंत शिकवली होती मी.

त्याच दिवशी लातूरच्या तेलाच्या व्यापाऱ्याला कळवायचं होतं की दोन डबे कमी पाठवा. दुकानात कार्ड नव्हतं, पोस्टात जायला ऊन. आणि सोमवारी देवणीच्या गुरांच्या बाजाराला गाडी जाणारच होती, गाडीवाल्याबरोबर तोंडी निरोप देता आला असता. म्हणून मी जोडकार्ड मधोमध फाडलं. गौरम्माच्या पत्त्यावर रेघ मारली, वर व्यापाऱ्याचं नाव घातलं, आणि त्याला पाठवून दिलं. मला बरंही वाटलं. एक कार्ड वाचलं.

ती गाडी गेलीच नाही. कडबा नव्हता, गाडीवाल्यानं बैलं विकून टाकली होती. मग मी दुसरी गाडी शोधली का? शोधली नाही. आज ना उद्या कुणीतरी जाईलच, म्हटलं. आणि निरोप तरी काय देणार होते? "थांब तिकडंच" असाच देणार होते. खोटं लिहून मरायचं नाही मला.

पंधरवड्यानं जावई दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. झऱ्यावरून घागर आणताना तिचा पाय वाळूत गेला, तिथंच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. संध्याकाळपर्यंत होती. जावई भला माणूस, रागानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "रोज टपालवाला यायच्या टायमाला दारात बसून राहायची हो. आज कार्ड येतंय, मग आव्वा येती, म्हणायची."

त्यानंतर तिला मूल राहिलं नाही. मी तीनदा देवणीला गेले. तीनदा तिनं जेवायला वाढलं, पाट मांडला, बोलली नाही. यजमान वारले तेव्हा ती आली, अंगणात उभी राहिली. मी तांब्या भरून पुढं केला. ती म्हणाली, "ठिव आव्वा. साठवून ठिव. कामाला यील." एवढं बोलून वडिलांच्या पायाशी जाऊन बसली. माती टाकून तशीच देवणीला गेली. मी तांब्या घेऊन किती वेळ उभी होते मला आठवत नाही. मला रडूही येईना. रडले ती आज, या लिंबाखाली, अर्जनवीसासमोर, कचेरीच्या माणसांसमोर, आणि त्याची मला लाज नाही.

कलम पाच. पोस्टातलं पासबुक आणि माझ्या अंगावरचं सोनं, म्हणजे जन्मभर वाचवलं ते सगळं, गौरम्माचं. गुरुपादप्पा, भांडू नकोस. ते वाचलं कुणाच्या जिवावर हे तुला ठाऊक आहे. ती घेणार नाही, असं मला वाटतं. घेतलं नाही तर तिच्या नावावर पडून राहू द्यावं, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि तिनं घेतलं, तर त्यावरून तिनं आईला माफ केलं असा अर्थ कुणीही काढू नये, बोलून तर दाखवूच नये. ही फारकतीची रक्कम नव्हे. देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही म्हणून देते.

कलम सहा. उमादेवी, वर सांगितलेल्या युक्त्या भांड्याकुंड्याला, तेलामिठाला लाव. माणसाला लावू नकोस. आजारी माणूस, बाळंतीण, आणि माहेरी यायला निघालेली लेक, या तिघांच्या बाबतीत माझी एकही युक्ती या घरात चालणार नाही, हे मी लिहून रद्द करते. उद्या तुझ्या पोरीला दिवस जातील. तेव्हा पाणी असो नसो, टँकर येवो न येवो, सातव्या महिन्यात तिला घेऊन ये. तिनं बोलवायची वाट बघू नकोस. पाणी विकत घे, भांडी विक, गल्लीत हात पसर. कुणी हसलं तर हसू दे. मी हात पसरला असता तर काय झालं असतं? कस्तुराबाई आत्ता म्हणाली, "बाई, तवा सांगितलं असतं तर म्या दिली असती की रोज एक घागर." हे तिचे शब्द आहेत. अकरा वर्षांनी ऐकले. मी कधी मागितलंच नव्हतं.

कलम सात. माझ्या देहाविषयी. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात, आणि त्याच दिवशी मातीला नेतात. मलाही तसंच बसवा. फुलं थोडी आणा. जंगमांची दक्षिणा कमी करू नका, तिथं मी बोलायला नसेन. पण मला भजनी लोकांकडे तोंड करून बसवायचं नाही. मधली खोली उघडून, तिथं, दाराकडे तोंड करून बसवा.

गौरम्माला तार करू नका, कार्ड टाकू नका, कुणाच्या हाती निरोप देऊ नका. गुरुपादप्पा, तू स्वतः जा. जीप भाड्यानं कर, म्हणेल ते भाडं दे. तिच्या दारात उभा राहा आणि म्हण, "आव्वानं न्यायला पाठवलंय." दुसरं काही बोलू नकोस. तिनं कापडं बदलायला, विचार करायला, रडायला वेळ घेतला तर घेऊ दे, घाई करू नकोस.

लोक म्हणतील, उन्हाळा आहे, उरकून घ्या. उरकायचं नाही. दिवस मावळेपर्यंत मी बसते. आणि ती आलीच नाही, तर तिला एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबा, आणि मग न्या.

वरील मजकूर सटवाजींनी मला दोनदा वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. पानं तीन झाली. होऊ देत. सही माझ्या हाताची.

सही: शिवकांता भ्र. गुरुबसप्पा धनुरे

साक्षीदार:
१. पंढरी, पिठाची गिरणी, राहणार उदगीर. सही.
२. कस्तुराबाई, शेजारीण, राहणार उदगीर. डाव्या हाताचा अंगठा.

लिहिणार: सटवाजी, अर्जनवीस. लिहिणावळ घेतली नाही.

मुक्काम उदगीर, जिल्हा लातूर. दिनांक १४ मे १९८४, सोमवार.