सहा मशीनं आणि एक सोफा

मी अमिरुन्निसा नझीर परकार, वय एकाहत्तर, गाव दाभोळ, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, सलवा, कुवेत, राजीखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्यासमोर बाही बेतून दाखवावी.

१. दाभोळचं घर मरहूम नझीरसाहेबांच्या पश्चात मुलगा यासिर व मुलगी रिदा यांच्या नावावर झालेलं आहे. माझी म्हणावी अशी मालमत्ता एकच: इथल्या बैठकीच्या खोलीतली सहा शिलाई मशीनं.

२. पहिल्या मशीनची हकीकत. इराकच्या हल्ल्यानंतर, १९९२ साली, आम्ही कुवेतला परतलो तेव्हा घरातला फ्रिज, गाद्या, दारंसुद्धा गेली होती. मशीन जड म्हणून लुटारूंनी सोडलं. त्यावर मी आसपासच्या बायकांना शिकवू लागले. कुणाची नोकरी गेली होती, कुणाचा नवरा परतलाच नव्हता. पहिला आठवडा फक्त उसवायचं, हा नियम तेव्हापासूनचा. नीट उसवता आलं की चुकायची भीती राहत नाही.

३. नणंद नूरबानू हिला माफ केलं आहे, तरी नोंद राहावी. इराकमधल्या बसऱ्याची युसरा शिकायला आली तेव्हा ही उठून उभी राहिली. "हिच्या लोकांनी आपलं घर लुटलं, भाभी!" मी म्हटलं, "हिला सुईत दोरा ओवता येत नाही, फ्रिज कुठून उचलणार?" नूरबानू हसली आणि तिथेच फसली. आज दोघी गळ्याच्या मापावरून रोज भांडतात आणि एकाच ताटात जेवतात. माझ्यामागे वर्ग त्यांनीच चालवावा.

४. आता अडचण. शरियतप्रमाणे वारसांखेरीज इतरांना मला तिसरा हिस्साच देता येतो, म्हणजे दोन मशीनं. त्यांवर चौदा बायका कशा शिकणार? बाकीची चार मुलांची. रिदा राजी आहे. यासिर मीना अल-अहमदीच्या तेल कारखान्यात इंजिनीयर. त्याला त्या जागी सोफा हवा आहे. नूरबानू म्हणते, "हयातीत दिलं तर हिश्श्याची अट नाही, सगळी आजच देऊन टाक." मग मी शिकवू कशावर? यासिर, तुझ्या शाळेचा प्रत्येक शर्ट शिकाऊ बायकांनी याच मशीनांवर शिवला. एक बाही हमखास लांब असायची. तू कधी कुरकुरला नाहीस. त्याच भरवशावर चार मशीनं मागते.

५. वरचं वाचून यासिरने आज समासात लिहिलं: "अम्मी, टेक ऑल सिक्स. सोफा कॅन्सल." मला इतका आनंद झाला की चष्मा पुसावा लागला. मौलवीसाहेब सांगतात, वारसाची संमती माझ्या पश्चातच धरली जाते. तेव्हा बेटा, मी गेल्यावर हेच पुन्हा लिही, जमलं तर मराठीत. तोवर शुक्रवारी एक मशीन रिकामं असतं, येऊन बस. पहिला आठवडा उसवायचं. इंजिनीयर असलास तरी.

यातली एकही शिवण कुणी उसवू नये, म्हणून सही करते.

अमिरुन्निसा नझीर परकार

साक्षीदार:
शर्मिला देवस्थळी, शेजारीण (काजं अजून कच्ची)
आतिफ मुकादम, यासिरचा मित्र (सोफा यानेच पसंत केला होता)

सलवा, कुवेत
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५