शांत प्रत

४ फेब्रुवारी
इतके महिने वही उघडली नाही, क्षमा असावी. कुणाची मागते आहे कोण जाणे. पण रुखरुख होतीच. बाबांना पक्षाघात झाला, मी नोकरी सोडून घरी आले, आणि आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या कंपनीत. इथे घरी वापरायची श्वासयंत्रं बनतात. बाबांच्या उशाशी घरघरतं तेही इथलंच, दादानं आणून दिलेलं. खिडक्या मोठ्या, माणसं मोकळी. माझी खुर्ची कलते म्हणून कुणीतरी न सांगता तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली. दादानं ‘ही आमची चिमणी’ अशी ओळख करून दिली. पंचेचाळिसाव्या वर्षी! शेजारच्या टेस्टरनं लगेच विचारलं, दाणे टिपणारी की धूर सोडणारी? खूप दिवसांनी हसले.

९ फेब्रुवारी
यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये एक पहारेकरी आहे. टेम्प्लेट, म्हणजे साचा. काय करायचं ते फंक्शन त्याला पॅरामीटर म्हणून द्यायचं. मास्क सुटला तर ‘ओरड’. वीज क्षणभर लुकलुकली तर ‘गप्प राहा’. पण या चिपसाठी आमचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा एकच जुनाट कंपायलर मिळतो, आणि साच्यात कुठलं फंक्शन घातलं हे तो नावात लिहितच नाही. त्यामुळे दोन्ही पहारेकऱ्यांचं नाव एकच. मग सगळ्या फाइली जोडणारा लिंकर आधी आलेला ठेवतो आणि दुसरा फेकतो. चूक नाही, इशारा नाही. ‘ओरड’ची फाइल आधी लागली तर यंत्र दोन्ही वेळा ओरडतं. ‘गप्प’ची आधी लागली तर कधीच नाही.
इथे हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात बजावतात: फाइलींच्या क्रमाला हात लावायचा नाही. मी नीट करू का विचारलं, तर टेस्टर म्हणाला, अहो ताई, गाडं चाललंय ना, कशाला चाकं मोजता?

१२ फेब्रुवारी
तरी केलं. प्रत्येक फंक्शनला स्वतःचं छोटंसं स्ट्रक्ट, म्हणजे वेगळ्या नावाचं वेष्टण, दिलं, आणि साच्याला फंक्शनऐवजी ते स्ट्रक्ट. त्यांच्यात कंपायलर गल्लत करत नाही. पहारेकरी दोन झाले. दादा म्हणाला, वा चिमणे, मामाची पोर शोभतेस! घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना बोलता येत नाही, पण ऐकत होते.

२० फेब्रुवारी
घरोघरी जाणाऱ्या यंत्रांत माझा बदल नाही. जुनाच कोड, आणि ‘गप्प’ची फाइल आधी. चुकून झालं असेल. दादाला सांगितलं; म्हणाला, बघतो. मीच आगाऊपणा करते आहे का? दोन आठवडे तर झालेत.

२३ फेब्रुवारी
मागच्या खोलीत परत आलेली यंत्रं फळ्यांवर ठेवलेली असतात, धुऊनपुसून. प्रत्येकावर चिठ्ठी: ‘गरज संपली’. एकेक सुरू केलं, मास्क सोडून दिला. एकही ओरडलं नाही. टेस्टर नजर चुकवत म्हणाला, ताई, काही घरांतून शांत प्रत मागवतात. माझ्याकडून ऐकलं म्हणू नका.

२४ फेब्रुवारी
दुपारीच घरी आले. बाबांचा मास्क क्षणभर दूर धरला. थांबले. यंत्र तसंच घरघरत राहिलं.
बाबा मास्ककडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल की मीसुद्धा —

२५ फेब्रुवारी
दादाला म्हटलं, सख्ख्या मामाचा गळा कापलास. त्यानं हळूच दार लावलं. म्हणाला, मागणी आली, पुरवली. उद्या कुणी विचारलंच तर कंपायलरची मर्यादा. ती काय मी निर्माण केली? आणि मग, अगदी मायेनं: चिमणे, मामींनीच मागितली होती गं. शांतपणे जाऊ दे म्हणाल्या.
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही. म्हणाली, तू दिवसभर बाहेर, इथे रोज कोण मरतंय ते मला विचार. मी म्हटलं, बाबांना विचारलंस? म्हणाली, बोलतात का ते?
तिचे हात सोलून निघालेत. हे मला आधी दिसलं नव्हतं. आणि तरीही —

२६ फेब्रुवारी
बाबांच्या यंत्रात माझी प्रत घातली. मास्क काढला — ओरडलं! बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई दारात उभी होती.

२७ फेब्रुवारी
संध्याकाळी आले तर पुन्हा गप्प. दादा येऊन गेला, आई म्हणाली. चहासुद्धा घेतला नाही बिचाऱ्यानं.
बाबांच्या गालांवर मास्कचा वळ नाही. रोज असतो. म्हणजे आज किती वेळ तो —

२८ फेब्रुवारी
यंत्रात माझी प्रत घालायला लॅपटॉप घेतला, तर आई बाबांच्या खोलीत. कडी आतून. हाक मारली. अंग पुसतेय, थांब, म्हणाली. मी इथे दाराशी बसून लिहिते आहे. उगाच घाबरते का? आईच आहे ती. सत्तेचाळीस वर्षांचा संसार —
घरघर ऐकू येतेय. पण ती तर मास्क नसतानाही —
पुन्हा हाक मारली. उत्तर नाही.
उद्या पहिलं काम: या दाराची आतली कडी काढून