हजेरीतलं नाव

३ डिसेंबर १९९७, कोल्हार
आलो एकदाचा. पाथर्डीहून तीन एसट्या बदलल्या, अंग आंबलंय, पण खूश आहे. यंदा हातात कोयता न्हाई. आमची टोळी कोल्हापूरकडं ऊस तोडतेय आणि मी सावलीत खुर्चीवर. ज्यांच्याकडं कामाला आलोय त्या राधाकृष्ण सरांकडं दोन जातींचे कॉम्प्युटर आहेत, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. म्हणून सर मधी फ्रेमवर्क बसवतायत. कुणीही प्लगइन, म्हणजे कामाचा छोटा तुकडा लिहावा, फ्रेमवर्क तो दोन्हीकडं चालवणार. मी म्हणलं, म्हणजे मुकादम. कारखाना कुठलाबी असू दे, टोळी तीच. सर लई हसले. म्हणाले, चाळीस पानं लिहून मला जमलं नाही, ते सातवीवाल्यानं एका शब्दात सांगितलं.

५ डिसेंबर
काम सोपं, पण डोळे चुरचुरतात. बटण दाबलं की फ्रेमवर्क एकेका प्लगइनचं नाव पुकारतं, तो पडद्यावर ‘हजर’ म्हणतो, मी वहीत वेळ लिहितो. दिवसाला दोनशेदा. नावं मलाच ठेवायला सांगितली. मी टोळीतलीच ठेवली: भिमाजी मामा, जयमाला वहिनी, कलाबाई म्हणजे माझी आई. तेवढीच सोबत.

९ डिसेंबर
भिमाजी दुसऱ्या मशीनवर अडत होता. दुपारी दोन वीसला सरांनी पुसला. म्हणाले, मामा थकला रे तुझा.

११ डिसेंबर
एसटीडी बूथवर मुकादमाचा फोन. परवा मामा मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना पडले. जागीच गेले. वेळ विचारली. सव्वादोन-अडीच म्हणाला.

१२ डिसेंबर
आज हजेरीत भिमाजी ‘हजर’ म्हणाला. सर म्हणाले, कुठंतरी उरला असेल. उरला नव्हता. दोघांनी शोधला.

१५ डिसेंबर
सरांनी जयमाला पुसली. नको म्हणलं, कारण सांगता येईना. सांजच्याला बूथवर गेलो — वहिनीला फडात साप —

१७ डिसेंबर
उद्या कलाबाई पुसायची, चाचणी संपली म्हणतात. पाया पडलो. सर म्हणाले, चार दिवस घरी जाऊन ये. जेवण जात नाही. लई दमलोय.

१८ डिसेंबर, सकाळ
सर अंघोळीला गेलेत. टोळीतनं सुटायचं तर बदली माणूस द्यावा लागतो. फ्रेमवर्कबी मुकादमच. तुकडा न पुसता कलाबाईच्या नावाजागी माझं नाव टाकलं, सम्राट.

हजेरी लावली. भिमाजी — हजर. जयमाला — हजर. कलाबाईला पुकारलं नाही. सुटली आई.

सम्राट — पडदा कोरा. परत पुकारलं. तोंड माझंच उघडलं.

सर आलेत. पुसायच्या बटणाकडं हात. सांगायला गेलो तर ‘हजर’ एवढंच निघतंय. लिहून दाखवतो — सर, थांबा, तो मी —