शालूसाठी सव्वीस डिग्री

१२ मे, दुपार
शालू माहेरी शिराळ्याला गेली. कारण उघड आहे. ऊन. विट्यात आज बेचाळीस. जाताना तिचे डोळे लाल होते. डोळ्यांत घाम गेला असणार.

तमिळनाडूत ईरोडला पस्तीस वर्षं सोनं गाळायची भट्टी चालवली. मूस किती तापलीय ते नुसत्या नजरेनं सांगायचो. बायकोला उकडतंय हे कळायला मला कुणाला विचारायची गरज नाही. दुकान विकून जानेवारीत कायमचा घरी आलो. त्याआधी वर्षातून दोनदा यायचो, तेव्हा तिची एक तक्रार नसायची. म्हणजे दोष उन्हाळ्याचाच.

१५ मे
लेकीचा, क्रांतीचा, सांगलीहून फोन. म्हणाली, बाबा, आई उन्हामुळं गेलेली नाही. तुम्ही आल्या आल्या स्वयंपाकघरात कॅमेरा बसवलात. ती कुठं निघाली, कधी येणार, रोज विचारत बसता. पस्तीस वर्षं तिनं एकटीनं घर चालवलं, आता तिला परवानगी मागायला लागते.

कॅमेरा सेफ्टीसाठी आहे. दुकानातही होता. क्रांती एम.ए. आहे, पण उष्णता हा तिचा विषय नाही.

२३ मे
निश्चय: शालूला फोन करायचा नाही. तिनं आधी करावा.

संध्याकाळी केला. तिच्या वहिनींनी उचलला. शालू शेंगा वाळत घालायला माळवदावर गेलीय म्हणाल्या. या उन्हात! वहिनींना नणंदेची काही काळजीच नाही.

७ जून
मार्ग सापडला!! सांगलीचा कुणाल म्हणून इंजिनीअर आहे, जिओथर्मलवाला. खोल जमिनीत म्हणे बारा महिने एकसारखं टेम्परेचर असतं. बोअर पाडून त्यात पाइप सोडायचे, पाइपात पाणी फिरत ठेवायचं. उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत, थंडीत जमिनीतली ऊब घरात. मळ्यातल्या नव्या बंगल्याचं जोतं झालंच आहे. बेस्ट टायमिंग.

कुणालनं विचारलं, मॅडमना किती टेम्परेचर लागतं? म्हटलं, सव्वीस. ठोकून दिलं. शालूला विचारायला हवं होतं, पण मग सरप्राइज कसलं?

२९ जुलै, नागपंचमी
आज बोअर! गाडी एरवी महिना महिना मिळत नाही, आज मोकळी. कारण आज इथं कोण मातीला हात लावत नाही. यालाच धंद्याची अक्कल म्हणतात.

स्वयंपाकाला येणाऱ्या मनुबाई आज विळीलासुद्धा शिवत नाहीत. पुरणाची दिंडं उकडून ठेवली आणि मळ्यात येऊन उभ्या राहिल्या. आवं शेठ, आज कोण नांगर धरत न्हाई आन् तुमी भुईला भोकं पाडताय व्हय, म्हणाल्या. म्हटलं, बाई, हे सायन्स आहे. तोंडाला पदर लावून निघून गेल्या.

गाडीवरची पोरं तमिळनाडूची. त्यांच्याशी तमिळमध्ये तासभर गप्पा मारल्या, जीव कसा सुखावला. शेजारचे रिटायर्ड सुभेदार लालासाहेब बांधावरूनच बघत होते, आत काही आले नाहीत. म्हणाले, गड्या, शालूबाईसंगं मराठीत कवा एवढं बोलला हुतास रं?

फौजेतला माणूस. विनोद जरा जाडाच.

३० जुलै
मनुबाईंनी शिराळ्याला फोन लावून सगळं सांगितलं. मग क्रांतीचा मला फोन. रडत होती. म्हणाली, मामा फौजेत गेले आणि पेटीतून आले, तेव्हापासून आई नागालाच भाऊ मानून उपास धरते हे तुम्हाला माहीत नाही का? पंचमीला आपल्या रानात कुणाला साधं खुरपं लावू देत नाही ती. आणि तुम्ही तिच्यासाठी म्हणून नेमकं तेच केलंत.

मेहुणा उदयसिंह गेला ते माझ्या लक्षात होतं. उपासाचं नव्हतं. मी श्रावणात इथं असायचो कुठं?

पण बोअर सुंदर झालेत.

१६ ऑगस्ट
शिराळ्याला जाऊन आलो. सिस्टिमचं ड्रॉइंग घेऊन गेलो होतो. शालूनं चहा दिला. पाइप कसे खाली जातात, कसे वर येतात, मी सगळं समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं. खाली एकांदं जनावर तर मेलं न्हाई न्हवं? म्हटलं, छे छे, कुठला नाग, नुसता काळा पाषाण.

खरं तर मी बघितलंच नव्हतं. पण ती बरं म्हणाली. रुसवा उतरायला लागला, नक्की.

११ जानेवारी
मशीन चालू! बाहेर हुडहुडी, आत उबदार. कुणाल खूश. एकटाच हॉलमध्ये सोफ्यावर बसून राहिलो. घर मोठं झालंय जरा. शालू आली की भरेल.

जुन्या घरातला स्वयंपाकघराचा कॅमेरा काढला. तिथं आता कुणी नसतंच.

१८ एप्रिल
उद्या अक्षय तृतीया, वास्तुशांत. शालू येणार! क्रांतीला स्वतः म्हणाली. भटजी विचारत होते, काकू नसल्या तर सुपारी ठेवू का जागेवर? असला राग आला मला. म्हटलं, बायको जिवंत आहे माझी, सुपारी कसली ठेवता!

तिच्या खोलीच्या खिडक्या बंद करून घेतल्या. पहिला दिवस म्हणून मशीन सव्वीसऐवजी बावीसवर.

१९ एप्रिल
आली. हिरवी साडी. पाटावर माझ्या शेजारी बसली, माझ्या हाताला हात लावला, भटजी सांगतील ते सगळं केलं. मला वाटलं, जिंकलो.

जेवणं चालू असताना तिला खोली दाखवायला नेलं. दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून ती उभी राहिली. मी म्हटलं, कसं वाटतंय? हातावर तिच्या काटा आला होता. म्हणाली, मला गारठा सोसत न्हाई. पहिल्यापासनंच. लग्न झाल्यापासनं कवा पंख्याखाली निजले न्हाई मी.

मी म्हटलं, काही प्रॉब्लेम नाही! हीच मशीन उलटीसुद्धा चालते! बटण शोधायला लागलो. चष्मा सापडेना. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या. ऊन मला बाधत न्हाई, मी ऊन म्हणून गेलेच नव्हते. तुमी तिकडं असताना हितं एकटी हुते, पण माझ्या मनानं ऱ्हात हुते. आता मला दुसऱ्याच्या मनानं न्हाई ऱ्हावत. तुमच्यावर राग न्हाई. पर मी यायची न्हाई आता.

मग बाहेर जाऊन तिनं पंगतीला बुंदी वाढली. सगळ्यांना आग्रह केला. मलाही वाढली. दुपारच्या एस.टी.नं गेली. लोक म्हणत होते, काय गारवा हाय शेठ, लय झ्याक! मी थँक्यू थँक्यू म्हणत होतो.

२२ एप्रिल
इथं कोण वाचायला बसलंय. वाईट वाटतंय. लय वाईट वाटतंय.

दुपारी कुणालचा फोन. फीडबॅक पाहिजे त्याला. मॅडमना कोणतं टेम्परेचर सूट झालं, म्हणे. म्हटलं, विचारून सांगतो.

शालूला लावला. पहिल्या रिंगला तिनंच उचलला. टेम्परेचरचं राहूनच गेलं. तिकडं कोंबड्या ओरडत होत्या. तिनं विचारलं, जेवलासा का?

व्हय म्हटलं.

जेवलो नव्हतो.