सहाशेची दुनळी नको

चि. दयाला ताईचा अर्धाच आशीर्वाद. उरलेला अर्धा रागात गेला.

इकडे आखातात, अल खौदला सगळी मजेत. नात उर्वी माझ्या घावण्यांवर खूश, मी तिच्यावर. तुझा गुडघा कसा आहे?

धनेशचा अर्बाब, म्हणजे इथला मालक, आफ्रिकेत रानरेडे मारायला निघालाय, आणि आपला धनेश त्याच्या शेजारी उभा राहणार. अर्बाबाला सहाशे नंबरची दुनळी बंदूक घ्यायला तू का सांगितलंस? काल सरावाच्या मैदानात पहिल्याच बाराला अर्बाब मागे कलंडला, दुसरी गोळी आभाळात! रेडा तोवर थांबेल होय रे? त्याहून हलकी चारशेसत्तरची त्याला नीट पेलते. पण धनेश म्हणतो, "मामाने सांगितलं, खलास!" चार डुकरं मारलीस म्हणून एवढा शहाणा?

आता मुकाट्याने धनेशला फोन कर आणि चारशेसत्तरचीच घ्या म्हण.

तोवर अबोला धरलेली,
ताई