खमिराचं कपाट आणि चौथीच्या वर्गातली वाट

मी, शाळेचा एकतीस वर्षं सुतार आणि गेली चार वर्षं घरी बसलेला म्हातारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि मुली कुठे असतात ते विचारलं. तेव्हा हे काम लांबवण्यात अर्थ नाही. माझ्या डोक्याविषयी शंका घ्यायची असेल, तर ती कलम चार वाचून झाल्यावर घ्यावी.

कलम एक. राहतं घर आणि आतलं सामान थोरल्या मुलीला. धाकटीला तिच्या आईची कपाटं. दोघींनी भांडू नये. भांडल्याच तर खिडक्या लावून भांडावं.

कलम दोन. हत्यारं. रंधा, पटाशा आणि करवती थोरल्या नातीला, कारण तिला सरळ रेघ मारता येते. जावयाला काही देऊ नये. त्याच्या हातात फूटपट्टीसुद्धा वाकडी चालते. मी केलेली एकोणीस स्टुलं शाळेत आणि शिक्षकांच्या घरी आहेत, ती ज्याची त्याला राहू द्यावीत. मी केलेलं एकही स्टूल आजवर डुगडुगलेलं नाही, याची या कागदावर नोंद असावी.

कलम तीन. लांब शिडी शाळेला, एका अटीवर. शाळा ज्यू मुलांची आहे. मी त्यांच्या धर्माचा नाही. पहिल्याच वर्षी मला मांडवांच्या सणासाठी अंगणात मांडव घालायला सांगितला. मी असं पत्र्याचं छप्पर ठोकलं की पावसाची काय बिशाद! धर्माचे शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, आत आले, वर बघत राहिले आणि म्हणाले, "दादा, तारे कुठे गेले?" या मांडवाला डहाळ्यांचं छप्पर लागतं आणि त्यातून आभाळ दिसावं लागतं. पक्क्या घरातल्या माणसाने आठवडाभर कच्च्या घरात बसून बघायचं असतं. मुद्दाम गळकं छप्पर बांधणारा मी एकमेव सुतार असेन. माझ्यामागे जो कोणी शिडी चढेल, त्याने छप्पर नीट करण्याचा मोह आवरावा.

कलम चार. शाळेच्या स्वयंपाकघरातलं मोठं कपाट, आतले सर्व खमिराचे जिन्नस आणि फाटकापासून कपाटापर्यंतची वाट.

हे माझं आहे. कागद ट्रंकेत आहेत. वल्हांडणाच्या सणात या लोकांना खमिराचं, म्हणजे पाव, बिस्किटं, पीठ असलं काही स्वतःच्या मालकीचं ठेवता येत नाही. म्हणून सणाआधी शाळा ते सगळं कपाटासकट आणि तिथवरच्या वाटेसकट परधर्मी माणसाला रीतसर विकते आणि सण संपला की परत विकत घेते. तो परधर्मी माणूस मी. सण संपला की सर स्वतः माझ्या घरी यायचे. "दादा, परत विकता का?" मी म्हणायचो, "बघू." "विकता का?" "चहा घ्या आधी." तिसऱ्यांदा विचारलं की विकायचो. शाळेत सगळे मला कामं सांगायचे. विचारायचे ते एकटे सर, वर्षातून एकदा.

बावीस वर्षांपूर्वी सर आले नाहीत. कारकुनाच्या हाती छापील फॉर्म आला, "इथे सही करा." मला फार लागलं. मी सही केली नाही. पुढे दर वर्षी फॉर्मच येत राहिले. विकत घेतल्याच्या फॉर्मवर मी सही करतो, परत दिल्याच्या फॉर्मवर करत नाही. कारकून दोन्ही न वाचता फाइलला लावतो. सबब बावीस वर्षं शाळा माझी बिस्किटं मला न विचारता खात आहे. मुलांनी खाल्लेली मी याद्वारे त्यांना बक्षीस देतो. शिक्षकांनी खाल्लेली देत नाही.

वापरला नाही तर हक्क बुडतो असं वकील म्हणाले, म्हणून दर वर्षी एकदा मी टोपी घालून त्या वाटेने चालत जातो. वाट चौथीच्या वर्गातून जाते. मुलं उठून "मालक आले!" म्हणतात. सर म्हणतात, "बसा रे, बिजागरी बघायला आलेत."

त्याच वर्गात सर शिकवतात की प्रायश्चित्ताच्या दिवशी देव फक्त देवाच्या अपराधांची माफी देतो. माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाकडे पायी जाऊन माफी मागावी. तो मेला असेल, तर दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्यापाशी जावं. तरी मी गेल्यावर सर दहा जणांना घेऊन आले आणि त्यांनी तीनदा विचारलं, तरच कपाट शाळेला परत द्यावं. चौथीतली दहा मुलं चालतील. नाही आले, तर कपाट जावयाला.

कलम पाच. सरांना काहीही नाही.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून थोरली मुलगी सरांनाच घेऊन आली. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, आणि कलम पाचमुळे सर अगदी पात्र ठरले. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायचा नसतो. सरांनी सगळा वाचला.

"बावीस वर्षं, दादा?" सर म्हणाले. "अहो, त्या वर्षी सणाची साफसफाई करताना मी पडलो. पाय सुजला, चालवेना. तुमच्याच स्टुलावरून पडलो होतो. ते पहिल्यापासून डुगडुगतं. तुम्हाला काय सांगायचं? फॉर्म पाठवला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मला वाटलं तेच सोयीचं पडतंय."

मला रडू आलं. मग मीही कबूल केलं की त्या वर्षी रागाच्या भरात मी बिस्किटांचा आख्खा डबा घरी आणून एका बैठकीत खाल्ला होता.

"मालकाने स्वतःचं खाल्लं," सर म्हणाले. "चोर आम्ही. माफ करा मला." मग त्यांनी विचारलं, परत विकता का. मी म्हटलं, बघू. त्यांनी पुन्हा विचारलं. मी थोरलीला चहा टाकायला सांगितलं.

सबब कलम चारमधली अट रद्द. कपाट शाळेचं. वाट मात्र मी आहे तोवर माझी. कलम दोनमधलं स्टुलांबद्दलचं शेवटचं वाक्य खोडावं. ते स्टूल उद्या माझ्याकडे आणून द्यावं.

स्थळ: माझं जेवणाचं टेबल.
दिनांक: प्रायश्चित्ताच्या दिवसाला चार दिवस बाकी असताना.

सही: मालक
साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण, मजकूर न वाचता
साक्षीदार दुसरा: धर्माचे शिक्षक. तिसऱ्यांदाही विचारलं. विकलं.